एक नोव्हेंबरच्या आत

आडनावाच्या चौकटीत घाडीगावकर कसंबसं मावलं,
पुढचे प्रश्न मात्र आमच्या घरापेक्षा मोठे होते.
घराची आजची किंमत, डॉलरमध्ये.
दुसरं घर. जमीन. शेअर्स.
आई म्हणाली, कणकवलीचा मांगर लिही,
सातबाऱ्यावर अकरा जणांत आपणही आहोत.
मी कन्नमवार नगरात बसून
एका मांगराला अकराने भागलं, मग डॉलरने.
उरलं ते लिहायला लाज वाटली. लिहिलं.

ब्लाउजांचे पैसे उत्पन्नात धरायचे का?
आईने वर्षभराची वही आणून दिली.
तिच्यात नुसती मापं:
छाती चौतीस, बाही नऊ, गळा मागून खोल.

केळुसकर सरांनी शिफारसपत्र दिलं, बोनाफाइडच्या भाषेत.
माझ्या माहितीप्रमाणे हिची वर्तणूक चांगली आहे.
सर, थोडं अजून काही?
त्यांनी चष्मा पुसला
आणि चांगलीच्या आधी एक 'फार' बसवला.

मग तो प्रश्न.
आर्थिक मदत लागेल का? हो. नाही.
रेवा साबडे म्हणाली, नाही दाब,
बाहेरदेशच्यांनी हो म्हटलं की फाईल वेगळ्या गठ्ठ्यात जाते.
एकदा आत शिर, पुढचं पुढे बघू.
तिचे बाबा बघू शकतात.

माझे बाबा पवईच्या टॉवरांतल्या लिफ्ट दुरुस्त करतात.
त्यांना मी समजावत होते,
मदतीचे पैसे मोजकेच असतात,
संपत आले की नंतरचे कितीही हुशार असोत...
ओव्हरलोड, ते म्हणाले.
टूं वाजत राहतं, दार मिटत नाही,
सगळे बघतात शेवटी चढलेल्याकडे.
वजन कुणाचंही असो, उतरतो तोच.
जरा थांबून,
मग आधी चढ की.

आधी चढण्याला अट होती.
घेतलं तर यायचंच, बाकीची दारं आपणच लावायची,
खाली पालकाची सही.
ही तर सुपारीच फोडली, आई म्हणाली,
आणि देण्याघेण्याची यादी नंतर?
परवडलं नाही तर मोडता येतं, मी बारीक अक्षर वाचून दाखवलं.
मोडलेलं सांगता येतं का कुणाला?

वर्षाला किती देऊ शकाल,
इथे बाबांनी स्वतः आकडा टाईप केला, एका बोटाने.
तो आमचा आकडा नव्हता.
त्यात पीएफ होता, आईच्या पाटल्या होत्या,
बाकीचा नुसता ताठा.
ते दाढी करायला उठले तेव्हा
मी मागचं एक शून्य काढलं.

पाडव्याची सकाळ, साडेनऊला चार मिनिटं कमी.
तिकडे अजून आदल्या दिवसाची रात्र.
हो दाबलं. मग सबमिट.
बाबांना ओवाळून झालं तसं
आईने तेच ताट लॅपटॉपपुढेही फिरवलं.

उत्तर आलं डिसेंबरात, पहाटे साडेपाचला,
पाणी यायच्या वेळेला.
त्यात अभिनंदन नव्हतं. खेदही नव्हता.
म्हणजे? आईने ड्रमाजवळूनच विचारलं.
पुढे ढकललंय. मार्चमध्ये पुन्हा बघतील.
म्हणजे नाही?
नाही म्हणजे, नाही नाही.

बाबा तोवर चपला घालत होते.
कुठल्याशा बिल्डिंगमध्ये कुणीतरी
दोन मजल्यांच्या मधे अडकलं होतं.
घाबरू नका, ते फोनवर सांगत होते,
दार ओढू नका. हवा येत असते आत.
खाली बसून घ्या.
निघालोय मी.