एकोणतीसचा पाढा

पहाटे पाचला पी-वनवर गाड्या झोपलेल्या असतात.
कुणाची नवी, कुणाची हप्त्यांवरची,
जोगळेकरांची पंक्चर, दिवाळीपासून तशीच.
मी सी विंगच्या लिफ्टनं खाली येतो
आणि दार मिटताना अजून ऐकतो,
रोलर घासतोय, तेल मागतोय.
सतरा वर्षं लिफ्टच्या कामाला होतो.
पाय त्यात गेले, कान राहिले.

लोक विचारतात, कितव्या मजल्यावरून?
दुसऱ्या, म्हटलं की
त्यांचा जरा हिरमोडच होतो.

कांजूरमार्ग पूर्वेची ही बिल्डिंग.
पार्किंगचा चढ पी-वनपासून पी-थ्रीपर्यंत
केसातल्या आकड्यासारखा दुमडत जातो.
ज्यानं काढला त्यानं गाड्यांसाठी काढला.
मी कुणाला विचारलेलं नाही.

तुस्कानो मॅडम म्हणाल्या होत्या,
अर्धा तास, आठवड्यातून तीनदा.
नाडी मोजत बसू नका, हात कुठे मोकळे असतात तुमचे.
चढताना बोलता आलं पाहिजे
आणि गाता येता कामा नये.
गाता आलं म्हणजे मला फसवताय.

गाणं मला कधीच आलं नाही,
म्हणून पाढे.

एकोणतीस एके एकोणतीस.
रिंगचं थंड ॲल्युमिनियम, तळव्याची सोललेली जागा.
एकोणतीस दुणे अठ्ठावन्न.
खांदा कुरकुरतो. त्यालाही तेल हवंय.
त्याला जपा, म्हणाल्या मॅडम, आता तोच तुमचा गुडघा.
एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी

घाम कपाळावर येतो, छातीवर येतो,
आणि बरगड्या संपतात तिथं थांबतो,
कुणी खडूनं रेघ मारून ठेवल्यासारखा.
रेघेखालचा मी तापतो, पण सांगत नाही.
म्हणून मांडीशी न्हाव्याकडची असते तशी
फवाऱ्याची बाटली.
आपणच आपल्यावर पाणी मारायचं,
कुंडीला मारावं तसं.

पोटऱ्या म्हणे दुसरं हृदय असतात.
खाली गेलेलं रक्त वर पाठवायचं काम त्यांचं.
हे मला त्या गेल्यावर कळलं.
लिफ्टला पलीकडच्या बाजूनं लोखंडाच्या विटा टांगलेल्या असतात,
म्हणून वर लहानशी मोटर पुरते.
माझ्या विटा काढून घेतल्या.
मोटर तीच.

एकोणतीस पाचे एकशे पंचेचाळीस.
पी-टू. इथं एक मांजर राहतं,
चाकाला घाबरत नाही.
"उनतीस छक्के?" खालून रामसजीवन ओरडतो.
जौनपूरचा वॉचमन, शाळेत मास्तरांनी छडीवर शिकवलेला,
माझी फेरी झाली की टेबलावर एक काडी ठेवतो
आणि चुकलो तर काडी परत उचलतो.
एकशे चौऱ्याहत्तर! मी वरून.
म्हणजे अजून बोलता येतंय.

बायकोला वाटतं मी हवा खायला जातो.
इथं हवा कुठली, डिझेल आणि उंदराच्या औषधाचा वास.
हवा मी आतच बनवतो
आणि थोड्या थोड्या वेळानं ती संपते.

उतरताना वेगळं. तेव्हा चाकं मला ओढतात,
तळवे रिंगवर जळतात,
अन् दोन्ही पाय पट्ट्यात शेजारी शेजारी बसलेले,
पाहुण्यासारखे, इकडंतिकडं बघत.

पण चढच खरा.
पी-थ्रीच्या आधीचं वळण, तिथं सिमेंट जास्त चोपडं.
मागं सरकलो तर सगळं परत.
पुढं वाकतो, हनुवटी गुडघ्यांवर,
ढकल, पकड, ढकल, पकड,
आणि एकदम सपाट जमीन.

कठड्यापाशी ब्रेक लावतो.
दोन्ही हातांवर स्वतःला गादीवरून उचलून धरतो,
बुडाखालची कातडी श्वास घेऊ दे.
पलीकडं मिठागरांवर उजाडतंय,
कचऱ्याच्या डोंगरावर घारी जाग्या झाल्यात,
आणि हृदय कानात वाजतंय,
मोटर रूमचं दार कुणी उघडं टाकल्यासारखं.

"उनतीस सत्ते?"

उत्तर मला येतं.
जिभेच्या टोकावर आहे, पुढं येत नाही.
"भाईसाब? उनतीस सत्ते?"

टेबलावरची काडी उचलली गेली असणार.
गेली तर गेली.
गाता येत नाहीये, बोलताही येत नाहीये.
मॅडमना हे सांगायचं नाही.