गूबेराय

वडगावात मागांच्या खटखटीत
साडेपाचला टीव्हीचा आवाज चढवायचो.
नायक? होता कुणीतरी गोरागोमटा,
शर्टाला इस्त्री.
आम्ही गूबेरायाचे,
एकडोळ्या, फाटक्या पंखाच्या घुबडाचे.

तो कन्नडात हसायचा,
आम्ही मराठीत घाबरायचो.
‘बिडल्ला!’ ओरडत मी परशरामच्या पाठी,
सोडणार नाही तुला;
आणि बसलिंग मधेच थांबवून
उच्चार सुधारायचा.

शेवटच्या भागात नायकानं बाण लावला
आणि वीज गेली.
माग थांबले. अख्खी गल्ली गप्प.

धारवाडात, बसलिंगच्या मामाकडे, होती वीज.
मेला म्हणे तो.

परशराम ऐकत नाही.
आता चाळिशीत, सुताच्या दुकानाच्या शटरवर
एकच डोळा रंगवून घेतलाय त्यानं,
उघडा.