खालची एक वीत

जुन्या बाजारातून रविवारी टेम्पोत घालून आणलं हे कपाट.
निळं.
पूर्वी रेशनवर मिळायचं त्या रॉकेलसारखं निळं,
आणि दारांवर पिवळी फुलं, कुणीतरी घाईत काढलेली:
एकाला पाच पाकळ्या, शेजारच्याला सहा.

तांबोळी पेंटरांनी नखाने टवका काढून पाहिला.
म्हणाले, ऑइलचा हात आहे, खाली हिरवा, त्याच्याही खाली गेरू.
बाई, पाणी कमी लावा. घाई त्याहून कमी.
मग ठकूकडे बघून म्हणाले,
टर्पेंटाइनच्या तर नादीच लागू नका, ही चाटणार.

ठकू चाटतेच.
कपाट, टेबलाचा पाय, माझी टाच,
तिच्या लेखी सगळं एकाच घरातलं.
म्हणून फिनेल बंद, तो लिंबाच्या वासाचा फवाराही बंद.
रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी चमचाभर पाणी घ्यायचं,
यशवंतच्या जुन्या सदऱ्याचा तुकडा
पिळून पिळून जवळजवळ कोरडा करायचा,
लाकडाच्या रेषेच्या बाजूने पुसायचं, सांध्यात ओल जाऊ द्यायची नाही,
मग साध्या पाण्याचा बोळा,
मग लगेच कोरडं फडकं.
सदरा तो बंगळुरूला जाताना टाकून गेला.
ठकूही.

केस मात्र निघत नाहीत.
उन्हाळ्यात रंग मऊ झाला तेव्हा दोन-चार चिकटले ते आतच राहिले,
फुलाला मिशा फुटल्यासारखे.

दिवाळीच्या आधी मला सफाईचा झटका आला.
व्हिनेगर पाण्यात घालून
वरपासून पार खालपर्यंत, पायांच्या आतल्या बाजूनेसुद्धा,
जिथे एक काळपट, तेलकट पट्टा होता,
तळजाईची माती, लाळ, चौदा वर्षांचं अंग घासणं.
जोर लावला. गेला एकदाचा.
निळं लख्ख झालं, मी चहा घेत बघत बसले, स्वतःवर खूश.

रात्री धप्प असा आवाज झाला.
ठकू कपाटाला धडकून उभी,
मग हॉलच्या मधोमध, मान खाली,
गाव बदललेल्या माणसासारखी.
पाण्याचं भांडं चार पावलांवर, आणि ती भिंतीला विचारत होती.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारली.
मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. वर्ष तरी झालं असेल.
तुम्हाला कळलं नाही?
नाही कळलं.
अहो, ती कधी अडखळलीच नव्हती.

घरी येऊन फरशीवर बसले, गुडघ्यांनी कुरकुर केली.
नाक तिच्या नाकाएवढं खाली नेलं.
तिथून दिसतं ते कपाट वेगळं असतं.
फुलं नसतात. निळंही नसतं फारसं.
नखांचे ओरखडे असतात, त्यांत हिरवा, त्यात खोल गेरू,
आणि ज्याला मी मळ म्हणत होते
तो इथून डावीकडे वळायचं असं सांगणारा काहीतरी होता.
मी पुसून टाकला होता, व्हिनेगरने, जोर लावून.

मग जे केलं ते यशवंतला फोनवर सांगितलं नाही.
तिची गोधडी, आठवडाभर न धुतलेली, काढली,
आणि कपाटाचे चारही पाय तिने पुसले.
पुसले म्हणजे मळवले.
नीट, रेषेच्या बाजूने,
सांध्यातसुद्धा.

आता वरून पुसत येते आणि एक वीत उरली की थांबते.
भिशीला आल्या तेव्हा शेजारच्या गोडसे वहिनी वाकून म्हणाल्या,
खाली राहिलंय हो तुमचं.
म्हटलं, हो, राहिलंय.
चकली घ्या.

रात्री दोनच्या सुमारास नखांचा आवाज येतो, टिक टिक,
बाल्कनीपासून कपाटापर्यंत.
मग थांबतो. हुंगण्याएवढा वेळ.
मग डावीकडे.
मग पाणी पिण्याचा, तो लपलप लपलप ओला आवाज.

मी दिवा लावत नाही.
तिला त्याचा उपयोग नाही, आणि मला
आवाजावरून कळतं.