अंतर

मुरारच्या मैदानात
खानविलकर दफेदार पावलांनीच अंतर मोजतात:
माणसाची चार पावलं, घोड्याची एक ढांग.
"फळीकडे बघू नकोस. किल्ल्याकडे बघ."

हल्ली त्यांची पावलं आखूड झालीत.
गुडघा. त्यावर ते बोलत नाहीत.
अडथळे जवळ जवळ येत चाललेत
आणि सुरमी तर लांब ढांगेची, हट्टी.

पहिली फळी ओलांडताच
मी मांड खोल करते,
बोटं मिटते, सोडते, पुन्हा मिटते,
लगामात ओल्या रुमालाइतकंच वजन.
तिची दौड गोळा होते माझ्याखाली,
मान उचलून.
एक. दोन.
तीन, अगदी एवढीशी, आणि वर.

फळी वाजत नाही.
दफेदार लांबून काठी उंचावतात,
"बघ! अंतर बरोब्बर होतं."

सुरमी फुरफुरते.
मी तिच्या मानेवर थाप देते:
गप.