दारं धरणारी

दश्तिसंगचा म्हातारा मीराब वारला तेव्हा
जर्दाळूच्या कळ्या अजून मिटलेल्या होत्या.
मीराब म्हणजे पाटकरी.
वर बर्फ, खाली एकोणसाठ शेतं,
मध्ये एक लोखंडी किल्ली.

चहाखान्यात बैठक भरली.
बैठक कसली, सात म्हातारे आणि एक लंगडा शिंपी,
बाकीचा गाव रशियात विटा रचतोय.
आम्ही बायका दाराशी, रबरी बूट काढतात तिथं.
किल्ली सतरंजीवर पडून.
एकाचे गुडघे, दुसऱ्याचा मोतीबिंदू,
तिसरा रात्री तीनदा उठतो, पण पाण्यासाठी नव्हे.

ओयजमोल म्हणाली, "मी."
आवाज असा फाटला की
कुणाला वाटलं, शिंकली.
पुन्हा म्हणाली.
शिंपी हसला, "रात्री पाटावर कुत्री असतात, पोरी."
तिनं विचारलं, "फावडं कुठंय?"

खरं सांगते, मीही हसले होते.
ओढणी तोंडात धरून, पण हसले.
म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे आली,
हसल्याची शिक्षा, असं ती अजून म्हणते.

पहिला महिनाभर ती नदीकाठी जाऊन ओरडायची.
पाळी पुकारावी लागते ना, या उतारावरून त्या उतारावर,
आणि तिला बारा वर्षं सवय
दबक्या आवाजात "चहा झालाय" सांगायची.
आधी बकऱ्यांनी माना वर केल्या.
मग एके दिवशी पलीकडल्या सबोहतनं
गच्चीवरून विचारलं, "काय गं, मेलं का कोणी?"
त्या संध्याकाळी ओयजमोल नाचत घरी गेली म्हणे.
मी पाहिलं नाही. वहीत रेघा मारत होते.

जूनमध्ये पाणी उतरलं.
पाणी उतरलं की माणसं कळतात.
तिच्या थोरल्या दिराच्या, नुसरतच्या बागेत
रात्रभर पाणी खेळत होतं,
आणि खाली एकट्या रोहतचे कांद्याचे वाफे
ओठांसारखे फुटलेले.
मोबाईलचा उजेड मी धरला होता.
ओयजमोल बराच वेळ नुसती उभी.
मला वाटलं, परतेल.
मलाच परतायचं होतं.
मग तिनं फळी खाली सोडली.
पाणी क्षणभर गोंधळलं,
स्वतःभोवती फिरलं,
आणि रोहतच्या अंगानं वळलं.

सासूनं आठ दिवस अबोला धरला.
रोटी तिच्यापुढं उलटी ठेवली,
आमच्यात याहून मोठी शिवी नाही.
नवव्या दिवशी पाठ करूनच विचारलं,
"आपली पाळी कधी?"
"गुरुवारी, नऊला."
"दहा कर. मला चालायला वेळ लागतो."
"नऊ."
म्हातारी काही बोलली नाही.
रोटी सुलटी केली.

वहीत एकोणसाठ पुरुषांची नावं आहेत.
बेचाळीस परदेशात, चार कबरस्तानात.
सही त्यांचीच हवी, म्हणून आम्ही
नवऱ्याची सही करायला शिकलोय,
काहीजणी तर त्याच्याहून झोकदार करतात.
काल ओयजमोल वहीत डोकावली,
बुटात चिखल, केसांत गवत,
म्हणाली, "पाण्यात उभं कोण होतं, त्याचं नाव लिही ना."
एवढंच. आणि पुढच्या दाराला गेली.

मी लिहायला बसले.
रोहत. सबोहत. शिंप्याची सून माहपिसंद.
हसनच्या आईचं नाव विचारायला
तिच्या घरी जावं लागलं.
लतोफत, ती म्हणाली, आणि उगाच लाजली.

अठ्ठाविसाव्या ओळीवर माझं शेत.
पेन थांबलं.
हूरिनिसो. पहिल्यांदा एक अक्षर गळलं,
दुसऱ्यांदा एक जास्त झालं,
शाळा सुटल्यापासून कुठं लिहिलंच नव्हतं.

बाहेरून हाक आली,
अख्ख्या खोऱ्यानं ऐकली असेल,
"अठ्ठावीस! दारं कोण धरतंय?"

एक अक्षर जास्तच राहू दिलं.
वही तशीच उघडी टाकली, शाई ओली,
आणि बूट शोधू लागले.