बाटली सतरा

दस्तगीरचाचांच्या अंगठ्यावर
मी नादकाटा टेकवते.
थांबला की सांगा.
"कानाला आहे की. पांढरी एकच्या जरा खाली,
उतरलेला.
पायाला नाही."

चाळीस वर्षं मिरजेत तंबोरे जुळवले,
घोडीवर रेशमाचा दोरा केसभर सरकवत.
आता चप्पल मागं राहते रस्त्यात,
पोरं हाक मारतात तेव्हा कळतं.

बाटली सतरा.
आत गुळवेल असेल, किंवा रंगवलेलं पीठ;
मलाही ठाऊक नाही,
यादी पाकिटात, पाकीट लाखेनं बंद.
सही घेताना त्यांना सांगितलंय हे.

बारावा आठवडा. डोळे मिटून
"आहे… आहे…
गेला."
चार सेकंद, मी लिहिते.
काटा माझ्या बोटांत अजून चालूच.

"पीठ निघालं," चाचा मोजे चढवत म्हणतात,
"तर गिरणी तेवढी विचारून ठेव."