डावखुरी रेघ

कुताइसीत, नदीच्या पलीकडे, टायरवाल्याच्या मागे
जुंबेरचं गॅरेज. तिथे मी हिवाळाभर
गाड्या पुसायचो, पॉलिशपेपर भिजत घालायचो
आणि तो बोलला तर ऐकायचो.

ओरखडा आधी नखाने बघ, म्हणायचा.
नख सरकलं तर नुसती वरची चकाकी गेलीय.
अडलं तर रंग गेला.
आणि करडं दिसलं की अस्तर उघडं पडलं,
तिथून पुढे गंज आणि त्याची मर्जी.

मार्चमध्ये मेदिकोबाई आल्या. निळी ओपेल,
नवऱ्याच्या नावावरची. उजव्या अंगाला
मागच्या दिव्यापासून थेट आरशापर्यंत
एक सलग रेघ.
"पोरंटोरं असतील शेजारची,
हल्ली धरबंध राहिला नाही कुणाला."

जुंबेर उकिडवा बसला.
कपाळावरचा चष्मा खाली घेऊन
रेघेवरून बोट नेलं त्याने,
दुसऱ्याचं पत्र वाचावं तसं, ओठ न हलवता.

त्या गेल्यावर म्हणाला, ही सुरुवात बघ.
केवढी खोल. पत्र्यापर्यंत.
इथे किल्ली टेकवून माणूस जरा थांबलाय.
मग चालत गेलाय. धावणाऱ्याची रेघ तुटते.
मागून पुढे, गाडी डाव्या हाताला,
म्हणजे डावखुरा.
आणि पुढच्या दाराशी येईतो जोर ओसरलाय,
आरशापाशी तर नुसतं खरचटलंय.
पोरं अशी नसतात. पोरांना
शेवटीशेवटी चेव येतो.

रंगाचा नंबर दाराच्या खाचेत होता,
पण एकोणीस उन्हाळे खाल्लेला निळा
कुठल्याच नंबरात बसत नाही.
पेट्रोलच्या झाकणाआड तेवढा मूळचा उरलेला,
कपाटातल्या लग्नाच्या कोटासारखा.
तो नाही जुळवला जुंबेरने.
नवाकोरा लावला तर रेघ जाईल, पट्टा दिसेल.
थोडा पांढरा, थेंबभर पिवळा,
पत्र्याच्या तुकड्यावर मारायचा, वाळवायचा,
उन्हात धरायचा, नाही म्हणायचा.
सातव्यांदा हो म्हणाला.

शुक्रवारी बाई गाडी न्यायला आल्या.
मी पावतीपुस्तक पुढे केलं.
त्यांनी पर्स उजव्या हातात घेतली
आणि डाव्याने सही केली, झरझर, तिरकी.
मी जुंबेरकडे पाहिलं.
तो फडक्याने आरसा पुसत होता,
पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"महिनाभर मेण लावू नका," तो म्हणाला,
"वरून वाळलंय, आतून ओलं असतं."

त्या लगेच बसल्या नाहीत.
आरशापासून मागच्या दिव्यापर्यंत
तळवा टेकवत उलट्या चालत गेल्या,
परत आल्या.
"खरंच दिसत नाही ना काही?"

"दुपारच्या उन्हात," जुंबेर म्हणाला,
"ज्याला ठाऊक आहे, त्याला दिसेल."

वीस लारी जास्त ठेवल्या होत्या त्यांनी.
त्याने धावत जाऊन काचेतून परत दिल्या.
आणि मला म्हणाला, बघत काय बसलायस,
बादलीतलं पाणी निळं झालंय,
ओत ते.